दिवसाला तीस मिनिटं

कायदा आला तो पीडीएफ होऊन,
केंद्राच्या ग्रुपवर, रात्री पावणेअकराला.
पहिली ते चौथी : पडदा दिवसाला तीस मिनिटं, वर एकही नाही.
खाली सात अंगठे, एक नमस्कार,
आणि 'अंमलबजावणीचा फोटो उद्या ॲपवर टाकणे.'

फोटो कशाचा काढायचा?
न लावलेल्या फळ्याचा?

विट्यापासून आत नऊ किलोमीटर आमची वस्ती.
दोन खोल्या, एकोणीस पोरं,
निम्म्यांचे बाप गलाईला, परमुलखात सोनं आटवतात.
त्यांनीच वर्गणी काढून हा डिजिटल फळा दिला.
कोपऱ्यात त्यांची नावं आहेत, सोनेरी स्टिकरवर.
बाबर गुरुजींनी त्या दिवशी फेटा बांधला होता.

खोटं कशाला बोलू, मला आवडायचा तो फळा.
खिचडीनंतर हत्तीचं गाणं लावून द्यायचं
आणि मागं बसून तांदळाचा हिशेब भरायचा.
पोरं गप्प.
इतकी गप्प, की एकदा विघ्नेशच्या कानावर माशी बसली,
चालली, पुन्हा बसली,
तरी तो हलला नाही.
मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.
किंवा पहिलीतला शंभू पुस्तकातला मोर
बोटानं दाबत बसला होता, तेव्हा.
'बाई, ह्यो वरडंना.'

सकाळी मी कायदा वाचून दाखवला.
अक्षदा उठली. 'तीस मिनिटांत सेलम येतं का?'
रोज दोन वाजता ती नकाशात बोट घालून निघायची,
मिरज, बेळगाव, हुबळी, खाली, अजून खाली,
एका गल्लीत निळी स्कूटर, अर्धं शटर,
आणि एक पाठमोरा माणूस.
'आमचा आप्पा,' म्हणायची.
असेलही. तोंड कुठं दिसतंय.

मग आम्ही तीस चिंचोके घेतले.
एकोणीस वाटले. उरले अकरा.
ते फोडून अर्धे केले, पुन्हा वाटले.
तीन अर्धुकं राहिली.
कुणी म्हणालं बाईंची, कुणी म्हणालं सरकारची.
विघ्नेशनं ती तिघं अक्षदापुढं सरकवली, न बोलता.
तिनं मोजली. 'तीन मिनिटं झाली.
तीन मिनिटांत बेळगावच येतं, बाई.
पुढं नुसतं गोल फिरतं.'

मला उत्तर नव्हतं. पीडीएफमध्येही नव्हतं.

तिनं माझ्या हातातला खडू घेतला.
फळ्याखालून रस्ता काढला, फरशीवरून उंबऱ्यापर्यंत.
हुबळी बेळगावच्या आधी आली, तसंच चालू दिलं.
पायरी उतरून बाहेर, हातपंपाला वळसा,
सेलम निघालं शेवग्याच्या बुडाशी.
तिथं तिनं माणूस काढला,
तोंडाकडून.
नाक जरा मोठं झालं. पोरं भांडली.
'आप्पाचं तसंच हाय,' म्हणाली.

अकरा वाजता मी फोटो टाकला.
ॲपनं लगेच परत पाठवला :
फोटोत फळा आढळला नाही.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.