चतुःसीमा

सोनदऱ्याची ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली,
तेव्हा तहसीलच्या साहेबांनी एकेक वस्तू उचलून विचारलं.
ही लोखंडी चावी कोणत्या खात्याची?
मी म्हटलं, पाण्याची.

भिंतीवर नकाशा लागला. सतरा प्रभाग, सतरा रंग,
खाली बारीक अक्षरात:
पूर्वेस जिनिंगची भिंत, पश्चिमेस बोरी नदी,
दक्षिणेस पारोळा रस्ता, उत्तरेस गट नंबर एकशे बारा.
लोक आपापलं घर बोटानं शोधू लागले.
हिलाल अप्पा चष्मा पुसून म्हणाले,
"मन्हा वटा सहामा, चूल सातमा.
मत कोठे देऊ?"
क्लार्क म्हणाला, हरकत लेखी द्या,
सोमवारपर्यंत मुदत आहे.

मला सतरा रंग कळेनात.
माझ्या गावाचे तुकडे पाचच:
मरीमायचा वॉल, टाकीखालचा, उर्दू शाळेचा, भिलाटीचा,
आणि कोळीवाड्याचा, जो पुरता बंदच होत नाही,
म्हणून तिथल्या नळांना रात्रभर थेंब.
चढाला कमी, उताराला जास्त,
एवढं एकच आरक्षण मला ठाऊक.

चिठ्ठ्या काढल्या तिसरीतल्या नाजमीननं,
बरणीत कोपरापर्यंत हात घालून.
प्रभाग नऊ, अनुसूचित जमाती, महिला.
रतिलालशेठची कॅलेंडरं तर छापून आली होती.
शेवंताबाई मालचे तेव्हा कापूस वेचत होती,
तिला बांधावर जाऊन सांगावं लागलं.
तिनं आधी पाटी भरली.

हरकत मीही दिली. नकाशात पंपघर नाही.
साहेबांनी पट्टी लावून पाहिलं:
हद्द नदीच्या मधोमध,
विहीर, मोटर, पंपघर, माझी खाट, सगळं पल्याड
आडखेडीत. आणि आडखेडी ग्रामपंचायतच राहिली,
डोकी कमी पडली.
"म्हणजे तुमचं पाणी परगावचं," साहेब हसले.
मग हसले नाहीत. फाईल जळगावला गेली.

तेव्हापासून मी पहाटे चारला
ग्रामपंचायतीत उठतो, बटण दाबतो,
गुडघाभर बोरी ओलांडून
नगरपंचायतीत येतो, वॉल फिरवतो.
पगार अजून जुन्या शिक्क्यावर,
तोही दोन महिने थकलेला.

परवा टाकीखाली शेवंताबाई भेटली, निवडून आलेली.
"भाऊ, आम्हनाकडे पानी कव्हय सोडशी?"
मी काही बोललो नाही, चावी पुढे केली.
तिनं दोन्ही हातांत धरून पाहिली.
"भलती जड शे हो," म्हणाली,
आणि लगेच परत दिली नाही.