ब्रेकवर कुणाचा तरी पाय

डिसेंबरपासून क्रूझ कंट्रोल लागेना.
बटण दाबलं की पांढरा दिवा यायचा,
पण वेग धर म्हटलं की काही नाही.
हाक मारावी, समोरच्यानं मान वर करावी
आणि पुन्हा वाचत बसावं, तसं.

स्विफ्ट करंट ते मूस जॉ. दोन्हीकडे बर्फ,
रस्ता इतका सरळ की स्टिअरिंगला काम नाही.
एकाआड एक शुक्रवारी मी नातीला, मारेनला,
तिच्या बापाकडे पोचवतो. तो पेट्रोल पंपावर थांबलेला असतो,
उणे पंचवीसमध्येही टोपी हातात घेऊन.
माझा उजवा गुडघा ऑगस्टमध्ये बदललाय.
शंभर किलोमीटर झाले की तो बोलायला लागतो.
म्हणून क्रूझ हवं. चैन म्हणून नव्हे.

फ्यूज काढले, उजेडात धरले, सगळे शाबूत.
स्टिअरिंगवरची बटणं स्पिरिटनं पुसली.
चाकांजवळच्या तारा चाचपल्या, पोटावर झोपून,
दाढीला बर्फ लागेपर्यंत.
धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं मोटारी, पट्टे, साखळ्या
मी नुसत्या आवाजावरून ओळखल्या.
ही गाडी आवाजच करत नव्हती.
शहरातला केडन म्हणाला, संगणक जोडून बघतो,
एकशे ऐंशी डॉलर, बघण्याचे.
मी म्हटलं, बघायला माझ्याकडे डोळे आहेत.

नव्हते.

बॅटरी दोनदा मेली. मी थंडीला शिव्या दिल्या.
गिअर ब्रेक न दाबताच सुटायला लागला,
मला वाटलं, चला, काहीतरी सोपं झालं.
आणि ड्रायव्हरच्या मॅटवर निळसर चुरा.
मी पेट्रोल भरतो तेव्हा मारेन माझ्या जागेवर बसते,
खात खात स्टिअरिंग फिरवते.
मी ओरडलो. नको इतका ओरडलो.
ती एवढंच म्हणाली,
आजोबा, मी निळं काही खाल्लंच नाही.
मी व्हॅक्यूम फिरवला. पुरावा पोत्यात गेला.

मग एका सकाळी शेजारची ओदेत, कुंपणापलीकडून:
आर्विद, तुझ्या गॅरेजात रात्रभर काय पेटलेलं असतं?
खिडकीखालचा बर्फ लाल दिसतो.
मला वाटलं नाताळची माळ काढायची राहिली.

दार उघडलं. किल्ली माझ्या खिशात,
गाडी बंद, गाडीत कुणी नाही,
आणि मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे जळतायत.

पेडलच्या दांड्याला एक भोक असतं.
त्यात प्लॅस्टिकची टिकली, शर्टाच्या बटणाएवढी.
पाय उचलला की ती एक खुंटी दाबून धरते,
त्यावरून गाडीला कळतं: पाय नाही.
टिकली म्हातारी झाली, थंडीत तिचा भुगा झाला,
खुंटी भोकातून आरपार.
सात आठवडे गाडीची खात्री होती
की कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलंय.
आता ब्रेक दाबलेला असताना
कोणती शहाणी गाडी वेग धरून ठेवील?
माझ्या बायकोचा पाय असाच होता,
शेजारच्या सीटवर, जिथे पेडलच नसतं तिथे.
ती जाऊन चार वर्षं झाली.
असो. टिकली चार डॉलरची.

माझा हात तिथे जाईना, मान वळेना.
मारेन सीटवर उलटी लटकली, पाय डोक्याकडे,
टॉर्च दातांत.
टक्.
मागून ओदेत ओरडली, विझले!
मी नातीला म्हटलं, तो चुरा तुझा नव्हता.
ती म्हणाली, माहितीय.
टॉर्च तोंडात असल्यामुळे नीट ऐकू आलं नाही,
पण तेच म्हणाली असणार.

शुक्रवारी, हर्बर्टच्या पुढे, शंभरवर बटण दाबलं.
दिवा हिरवा झाला. गाडीनं वेग धरला.
मी पाय उचलला आणि कळेना
तो कुठे ठेवायचा.
गुडघा गप्प. मारेन खारे बिस्किट खात होती,
तुकडे पडत होते.
मूस जॉ अजून नव्वद किलोमीटर.
मी उगाच एकदा ब्रेकला पाय लावला,
बघावं म्हणून, सुटतं का.
सुटलं.
पुन्हा लावायला मी जरा वेळ घेतला.