अठ्ठ्याण्णव

अंबडचा लोखंडी वास अंगावर घेऊनच मी घरी येतो
आणि आंघोळीआधी त्याचं बटण दाबतो.
सिडकोतली वरची खोली, डोक्यावर एप्रिलचा स्लॅब,
रात्री अकरालाही भिंतीला हात लावावा तर चटका.
दारात राक्षस उभा राहतो, मी ढाल उचलतो,
कोपऱ्यातला आकडा ब्याण्णव, पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव
आणि पडदा काळा.
राक्षसाला काही करावंच लागत नाही.

आठ महिन्यांच्या ओव्हरटाइमचं यंत्र हे.
एकेक भाग एमजी रोडवरून आणलेला,
कॅबिनेट तर स्कूटीवरून,
सानिका मागे बसली होती त्याला मिठी मारून.
आता ती म्हणते, ओला टॉवेल गुंडाळ त्याला.

पहिला संशय गिरणीवर.
खाली बोरस्त्यांची पिठाची गिरणी.
जाळी उघडली तर आत बाजरी,
राखाडी, मऊ, पात्यांवर साय धरल्यासारखी.
पंक्चरवाल्याकडे नेलं, म्हटलं हवा मार.
तो म्हणाला, किती पौंड?
अठ्ठ्याण्णवचे सत्त्याण्णव झाले.

मग पेस्ट.
मुगाएवढी लावली. वाटाण्याएवढी लावली.
मग जुन्या एटीएम कार्डानं
पोळीवर तूप पसरावं तशी, कडेपर्यंत.
सिरिंज संपली. अठ्ठ्याण्णव.
दुकानदार फोनवर म्हणाला, यंदा नाशकात गरमीच आहे हो,
मोठा कूलर टाका, साडेसात हजार.

डबा खाताना बोलून गेलो.
टूलरूमचे खैरनार ताक पीत होते, दिवाळीला रिटायर होणार.
त्यांनी एवढंच विचारलं,
"बसलंय का नीट?"
काय, म्हटलं.
"जे गार करतंय ते. जे तापतंय त्यावर."

रविवारी आले. खिशात फीलर गेज, दुसऱ्या खिशात चष्मा.
कूलर काढला, मी फडकं घेतलं तर हात धरला.
"पुसू नको. हाच तर आपला निळा."
बेड घासताना आम्ही निळा लावतो,
कुठं टेकतंय ते पाहायला.
खिडकीपाशी उजेडात धरलं.
तीन कोपऱ्यांत पेस्ट झिरझिरीत, खालचं तांबं दिसतंय.
चौथ्यात जशीच्या तशी,
वाटीत कुणी चमचा न घातलेल्या श्रीखंडासारखी.

चौथ्या खांबाखाली एक वॉशर.
मीच घातलेला. उरला होता म्हणून.
वॉशरनं काय वाईट होणार, असं वाटून.
मी, दोन शतांश जास्त भरला
तर दुसऱ्याचा जॉब परत पाठवणारा.

खैरनार त्यावर काही बोलले नाहीत.
"आधी हा. मग तिरका तो. अर्धा अर्धा आटा."
पहिल्या वर्षी मशीनवर मला शिकवताना
हेच बोलले होते, एवढंच.

चालू केलं. अडतीस.
राक्षस आला. साठ. सहासष्ट. एकोणसत्तर,
आणि तिथंच.
राक्षसानं मला लागोपाठ तीनदा मारलं,
या वेळी स्वतःच्या हातानं.

"आता काय करायचं असतं यात?" खैरनारांनी विचारलं.
मी ट्रकचा खेळ लावून दिला.
कुठल्याशा देशातला बर्फ, लांबच लांब रस्ता.
आधी तर त्यांनी माउस उचलूनच धरला.
मग साडेदहापर्यंत उठले नाहीत.
चौकात एकही गाडी नव्हती, तरी लाल दिव्याला थांबले.
वळताना इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं.
घरून दोनदा फोन आला.
"निघालोच," म्हणाले,
आणि पुढचा गिअर टाकला.

जाताना वॉशर त्यांनी खिशात घातला.
कुठं ना कुठं लागतो, म्हणाले.
जिन्यातून खाली सोडायला गेलो.
गिरणी बंद झालेली. बोरस्ते शटरपुढे पाणी शिंपडत होते,
आणि फरशी ते पडल्या पडल्या पिऊन टाकत होती.