डुगडुगता हात

तार्तूत फेब्रुवारी. खिडकीबाहेर उणे चौदा,
आणि आत टेबलावर पसरलेले चार समुद्र,
मी केलेल्या सुपाचं पातेलं,
दोन नवीकोरी प्लास्टिकची कार्डं.
मिर्टेल, वय तेरा. उकू, वय दहा.
फोटोत दोघांचे केस ओले,
उकूच्या गालांवर मास्कचा लाल वळ अजून तसाच.

ते शिकले चुनखडीच्या बुडालेल्या खाणीत,
जिथे ऑगस्टमध्येही हात पुढे केला
की मनगट हिरवं होतं आणि बोटांचा नुसता अंदाज.
मी काठावर, थर्मास घेऊन.
मला पोहता येत नाही.
घरात सगळ्यांना ठाऊक आहे,
तरी हेल्वे दर वेळी विचारते,
तुला कुठे जायचंय?

मिर्टेलला मांटा हवेत. मालदीव.
शाळेतली क्रियापदं केली नाहीत इतके
तिने प्रवाहांचे वेग पाठ केलेत.
हेल्वेला तांबडा समुद्र:
लग्नाआधी ती तिथे तीस मीटरवर
एका बुडालेल्या जहाजाच्या डेकवर उभी होती,
कुणाबरोबर ते मी विचारलेलं नाही.
उकूला बारा मीटरच्या खाली परवानगी नाही,
म्हणून तो नकाशात फक्त फिकट निळा बघतो.
"हे माझं," म्हणतो, बोट किनाऱ्याला चिकटवून.
मी विमानाची भाडी बघतो.
भाड्यांना तळ नाही.

मग काल्यु आला, पोरांचा शिक्षक.
बूट दाराशी काढले, एका मोज्याला भोक.
त्याला नकाशा दाखवला. त्याने सूप मागितलं.
अर्धी वाटी संपल्यावर म्हणाला,
"तिसऱ्या दिवशी काय झालं, उकूने सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं.

चार मीटरवर कान दुखला. पोराने
तळवा आडवा धरला, डुगडुगवला,
कानाकडे बोट केलं. दोघं वर आले.
एवढंच.

"शहाण्यासारखं केलं. पण तिथे मी आणि तो.
बोटीवर आठ अनोळखी माणसं असतील,
पैसे मोजलेली, पायांत फिन चढवून बसलेली.
तेव्हा हा हात वर येईल?
मासे काय, सगळीकडे आहेत.
मागे फिरायची लाज वाटणार नाही
अशी जागा बघा."

उकू सुपात बघत राहिला.
कान लाल, दोन्ही.
मिर्टेलने मालदीवचं पान पालथं घातलं,
पुन्हा उलटून एकदा पाहिलं,
मग घडी करून खिशात ठेवलं.
टाकलं नाही.

बोनेअर असं निघालं.
रखरखीत बेट. निवडुंग, मोकाट गाढवं,
रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड,
दगडावर त्या त्या जागेचं नाव.
गाडी लावायची, टाकी पाठीवर घ्यायची,
चालत पाण्यात शिरायचं.
नको वाटलं तर चालत बाहेर.
ताटकळणारं कुणी नाही,
गाढवं सोडली तर.

"आणि तू दिवसभर काय करणार?" हेल्वे म्हणाली.
मी म्हटलं, पाणी नितळ असलं
तर काठावरूनही बुडबुडे दिसतात म्हणे.
मोजत बसेन.
तीन. तीन. तीन.
गमतीने म्हटलं होतं. कुणी हसलं नाही.
हेल्वेने माझी वाटी उचलून विसळायला नेली,
अर्धी भरलेली.

तिकिटं काढेपर्यंत अकरा वाजले.
झोपायला जाताना उकू दारात थांबला,
तळवा आडवा धरला,
डुगडुगवला.
मी खुर्ची सारून ताडकन उठलो,
काय रे? कान?

"नाही," तो म्हणाला. "सूप.
मीठ फार झालं होतं.
कुणी बोललंच नाही."