घडीचा तराजू

पितळेच्या डबीत मावतो तो.
दांडी मधोमध दुमडते, बशा एकीत एक बसतात.
वजनं सात होती, सहा उरली.
सातव्याच्या जागी वॉलरसचा दात आहे,
घासून घासून नेमका केलेला. कुणी केला, ठाऊक नाही.

माझ्या खापरपणज्याच्याही आधीच्या कुणी आइन्द्रिदेने
तो पूर्वेच्या नद्यांवरून आणला म्हणे.
त्याचं एवढंच उरलंय:
नाव, आणि दांडीवर नखाएवढी खाच.
तेव्हा प्रत्येक फ्योर्डच्या तोंडाशी एक जण बसायचा
आणि स्वतःला राजा म्हणवून घ्यायचा.
चांदी कुऱ्हाडीने तोडत,
कुणाच्या मनगटातलं कडं, कुणाच्या देवळातला पेला,
तुकडे या बशीत पडत.
मापात पाप केलं तर हात जायचा.
आइन्द्रिदेचे दोन्ही हात शाबूत राहिले, आजी सांगायची,
आणि सांगताना हसायची.

मग एकच राजा उरला.
बाकीचे कसे नाहीसे झाले ते भाट सांगत,
खाल्ल्या मिठाला जागून.
कायदे कातड्यावर उतरले. दगडी दिवाणखाना उभा राहिला.
बेटं येऊन मिळाली, मेंढ्यांची, धुराच्या डोंगरांची,
आणि पार पश्चिमेला ते बर्फाचं,
जिथून वर्षाला एक जहाज यायचं
दात, कातडी दोर, आणि एकदा
पिंजऱ्यात गुरगुरणारं पांढरं अस्वल घेऊन.

आणि नाणं आलं.
माझी पणजी ओस्लाउग मासे विकायची.
तिने नाणं उलटं केलं, चावलं,
आणि कमरेच्या थैलीत टाकलं. न तोलता.
त्या रात्री तराजू डबीत गेला,
डबी पेटीच्या तळाशी, लोकरीखाली.
राज्य मोठं कधी झालं असं कुणी विचारलं
तर मी लढाई सांगणार नाही. ही थैली सांगेन.

उतरण कुठून लागली, कोण सांगणार?
जव पिकेनासे झाले, धान्य जर्मन व्यापारी आणू लागले.
आधी उन्हाळ्यात यायचे. मग हिवाळ्यालाही थांबले.
मग धक्क्यावरची अर्धी दारं
ठोठावल्यावर त्यांच्या भाषेत उघडू लागली.

मी सात वर्षांची होते तेव्हा ते जहाज लागलं.
खलाशी खोकत उतरले.
आमच्या गल्लीत एकवीस चुली होत्या, नाताळला पाच धूर.
पाद्री गेला, पाद्र्याला पुरणारा गेला,
कर लिहिणारा कारकून गेला,
आणि वरच्या खोऱ्यात कर देणारंच कुणी उरलं नाही.
तिथे आता चुलीतून बर्चची झाडं वर आलीत.
राजघराण्याने सोयरिकी केल्या
आणि सोयरिकीतच राज्य सासरी गेलं.
शिक्का समुद्रापार असतो. पत्रं येतात,
ती वाचायला माणूस शोधावा लागतो.

पश्चिमेचं जहाज एक वर्ष आलं नाही.
पुढच्या वर्षीही नाही.
आता विचारतही नाही कुणी.
तिकडे एखादी बाई किनाऱ्यावर उभी असेल का,
आमच्याबद्दल हेच म्हणत?

काल हिनरिककडे राय घ्यायला गेले.
नाणं पुढे केलं. त्याने चेहरा पाहिलाही नाही.
"तोलून दे, ग्युरिद."
घरी आले, पेटी उपसली. लोकरीला कसर लागलेली.
दांडी उघडली, ती कुरकुरली नाही.
त्याच्या फळीवर एका बशीत दात ठेवला,
दुसरीत राजा.
राजा वर गेला.
"हा कोण?" नात तोरदिसने विचारलं.
बरेच झाले एकाच नावाचे. मला खरंच सांगता येईना.
अजून दोन राजे टाकले, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

पोतं घरी आणून सोडलं तर एक कोपरा ओला.
पाण्याचंही वजन धरलं होतं त्याने.
चुलीजवळ पसरून ठेवलीय राय.
सकाळपर्यंत सुकेल.