हुक कशात?

नंदुरबारहून शहाद्याच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला
दवाखान्याची पाच मजली इमारत उभी राहतेय.
तिथं सकाळी साडेआठला माझा वर्ग भरतो.
फळा नाही. सिमेंटच्या गोण्या, गोण्यांवर बसलेली माणसं,
आणि सतरा डोक्यांना बारा हेल्मेटं.

मी सुकलाल. पंधरा वर्षं सेंट्रिंगवर होतो.
धुळ्यात तिसऱ्या मजल्यावरून आलो खाली,
डावा पाय आहे, वाकत नाही.
साहेब म्हणाले, तू आता शिकव,
पडलेल्या माणसाचं ऐकतात लोक.

तर ऐका.
पट्टा हनुवटीखाली लावायचा, कानामागं नाही.
हेल्मेटात पाणी प्यायचं नाही, भाजी आणायची नाही,
पोराला खेळायला द्यायचं नाही.
वीट वर फेकायची नाही, नेम कितीही चांगला असला तरी.
खिळ्याची फळी दिसली की तिथंच खिळा वाकवायचा,
मागून येणाऱ्यासाठी ठेवायचा नाही.
लिफ्टच्या खड्ड्यापाशी विडी ओढत बसायचं नाही.
गार वारा येतो तिथं, माहीत आहे मला. तरी नाही.

आणि हे कागदावर नाही, माझं आहे :
पलीकडच्या पथारीवर सध्या मिरची वाळतेय.
वारा इकडं फिरला की पाटीसकट माणूस शिंकतो.
तर शिंक येतेय असं वाटलं
की आधी हातातलं ठेवा, बांबू धरा,
मग शिंका.

हसले.
बहुतेक धडगावकडचे, काल रात्रीच्या गाडीनं उतरलेले,
रुमाल्या, खेमा, दोन भाऊ बिलगावचे.
माझं मराठी त्यांना अर्धं कळत होतं,
शिंक पूर्ण कळली.

मग बेल्ट.
खेमाला उभा करून त्याच्या अंगात चढवला.
मांड्यांतून पट्टे, छातीवर बक्कल,
पाठीमागून दोरी, दोरीला हुक.
वर गेलात की हा लागलाच पाहिजे, मी म्हणालो.
चार वर्षं म्हणतोय.
हुक उघडतो, मिटतो. टक.

मागून एक बाई उठली, सायकी नावाची.
मांडीवरचं पोर तिनं गोणीवर ठेवलं.
म्हणाली, मोहावर चढताना आम्ही
आधी फांदी टाचेनं दाबतो.
कुरकुरली तर दुसरी बघतो.
हा हुक कशात अडकवायचा?

मी वर बघितलं.
बांबू. बांबूला सुतळी.
सुतळीची गाठ मागच्या दिवाळीची, उन्हानं पांढरी पडलेली.
त्याच्या वर आभाळ.

धुळ्यात माझ्याही अंगात बेल्ट होता.
बक्कल लावलेलं, हुक कमरेला लोंबत.
हे मी वर्गात कधी सांगत नाही.
आज सांगितलं.

इंजिनिअर म्हणाला, लाइफलाइन सुरतहून निघालीय,
तू तोवर अंगठे घे, काम थांबतंय.
शाईचा पॅड उघडाच होता, सतरा फॉर्म शेजारी.
मी झाकण लावलं.
"आते नही, साहेब,"
आईची बोली आली तोंडात, आवाज न चढवता.

गोडाऊनात होइस्टसाठी आणलेल्या तारदोराचं भेंडोळं होतं,
सील न फोडलेलं. फोडलं.
दोन कॉलमांमध्ये ताणलं, क्लॅम्प आवळले,
पाना सायकीच्या हातात दिला, तिनं अजून अर्धा फेरा काढला.
बारा वाजले.

मग आधी मी.
पहिल्या मजल्याची कड, खाली वाळूचा ढीग,
ब्याऐंशी किलो आणि एक न वाकणारा पाय.
हुक. टक.
सोडलं अंग.
वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबकळत राहिलो,
खालून सतरा तोंडं वर,
आणि वारा फिरला.

"धरा!" सायकी ओरडली.

दोन्ही हातांनी तार धरली.
मग शिंकलो, तीनदा.
तार हलली. तुटली नाही.

अंगठे चारनंतर घेतले.
पाच हेल्मेटं अजून यायचीत.
पाच जण खाली फळ्या उलट्या करून
खिळे वाकवत बसलेत.