पंचेचाळीस मिनिटं

बुर्गोसच्या पुढे, दोन डोंगरांच्या बेचक्यात
वायदोतासने ट्रक उभा केला.
मागे अठरा टन गोठलेली मासळी,
समोर टॅकोग्राफ:
साडेचार तास चालवलंस, आता पंचेचाळीस मिनिटं थांब.
कायदाच आहे तसा.

बोचरा वारा. कॅफे बंद.
म्हणून तो मठात शिरला, निव्वळ उबेसाठी,
तर आत बाहेरच्याहून गारठा.

अकरा साधू. बहुतेक साठीपुढचे.
एकाच्या झग्याखाली पळायचे बूट.
लॅटिन त्याला कळत नव्हतं, आणि देवाशी
आईच्या दफनानंतर बोलणं नव्हतं.

त्यांनी सुरुवात केली, म्हणजे
शांततेत आधीपासूनच चाललेलं काहीतरी
थोडं वर आलं.
ठेका नाही. समेवर यायची घाई नाही.
एक ओळ चढावर जाते, रेंगाळते,
संध्याकाळच्या गायीसारखी आपली आपण घरी येते.

मग सगळ्यात म्हाताऱ्याला ठसका लागला,
ओळीच्या ऐन मध्यात.
कुणी वळून पाहिलं नाही. सूर
हललासुद्धा नाही; बाकीच्या दहांनी तो
सांडू न देता हातोहात पुढे नेला,
आणि म्हातारा, डोळे पुसत,
जिथे फट सापडली तिथून पुन्हा आत आला.

पुढे वायदोतासला आठवत राहिला
तो एवढा ठसकाच.

सोरियाच्या चढावर त्याने रेडिओ लावला नाही.
तोंड मिटून काहीबाही गुणगुणत राहिला, बेसूर,
खालच्या गिअरमध्ये.
श्वास घ्यायला थांबला
तेव्हा इंजिनाने सूर धरून ठेवला होता.